दुकानातली 'ज्युली कोरी' खरंच ज्युली आहे का? डोक्यावरची नक्षी बघून ओळख कशी पटवायची

बेळगावात कुठल्याही फिश टँकच्या दुकानात जावा, टाकीच्या तळाला ठिपक्याठिपक्यांचे, मिशावाले, बोटभर पण लांब नसलेले 'कोरी' मासे वाळू उकरत असतील त्यांच्याकडं बोट दाखवून विचारा, "अण्णा, हे कुठलं?" उत्तर ठरलेलं, "ज्युली की." टिळकवाडीत विचारा, शहापुरात विचारा, निपाणीत विचारा, पलीकडं कोल्हापुरात जाऊन विचारा, सगळीकडं ज्युलीच. आणि नीट बघितलं तर बहुतेक वेळा तो मासा ज्युली नसतोच, तो असतो ट्रायलिनिएटस, कोरी माशांतलीच दुसरी जात. ह्यात दुकानदाराचा दोष धरू नका, त्याला माल येतानाच लिस्टवर ज्युली लिहून येतंय, होलसेलवाल्यालाही त्याच्या वरनं तसंच आलेलं असतंय, आणि हे आपल्या सीमाभागातच नाही तर जगभर कित्येक वर्षं असंच चाललंय.

म्हणून सांगालोय, लेबल बाजूला ठेवा आणि माशाचं डोकं वाचायला शिका. ह्याला मायक्रोस्कोप लागत नाही, मोबाईल, चांगला उजेड आणि थोडा धीर एवढ्यावर काम होतंय.

आधी दोघांची थोडी माहिती घेऊया, कारण मासा मुळात कुठला हे डोक्यात असलं की पुढचं सोपं जातंय. ट्रायलिनिएटसचं वर्णन १८७२ मध्ये एडवर्ड ड्रिंकर कोप ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं केलं, डायनासोरच्या हाडांवर काम करणारा म्हणून लोक ज्याला ओळखतात तोच हा कोप. मासा पेरू देशातल्या आंपियाकू नदीतला, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या वरच्या भागातला. ज्युलीचं वर्णन १९०६ मध्ये ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ स्टाइनडाखनर यांनी केलं, आणि तो आहे ईशान्य ब्राझीलचा, पर्नाईबा नदीच्या बाजूचा. नकाशा उघडून बघा, दोन्ही जागांमध्ये तीन हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे. एक मासा पश्चिमेला पार आतल्या जंगलात, दुसरा पूर्वेला समुद्राकडं जाणाऱ्या नद्यांत, निसर्गात दोघांची गाठच पडत नाही. दुकानात एका नावाखाली मात्र दोघं एकच झालेत.

ट्रायलिनिएटस फार्मवर सहज अंडी देतो, पिल्लं पटापट वाढतात, त्यामुळं आशियातल्या फार्मवरनं त्याचा मोठा माल निघतोय आणि चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या मोठ्या बाजारांतनं तो पुढं गावोगाव जातोय. खरा ज्युली बहुतेक नदीतनं पकडूनच येतोय आणि तोही फार कमी. म्हणजे समोरच्या टाकीत तीस-चाळीस एकसारखे लहान लहान स्वस्त मासे असतील तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं. पण निम्मंच, उरलेलं माशाच्या अंगावर बघायचं.

नावाचं अजून एक सांगतो नाहीतर शोधताना गोंधळ व्हायचा. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी ह्या सगळ्या कोरी माशांची नव्यानं विभागणी केली आणि जुन्या कोरिडोरस ह्या मोठ्या गटातनं बरेच मासे वेगवेगळ्या गटात गेले. ट्रायलिनिएटस आता हॉप्लिसोमा ट्रायलिनिएटम झालाय आणि ज्युली हॉप्लिसोमा ज्युली. ऑनलाइन फोटो शोधताना दोन्ही नावांनी शोधा. दुकानात मात्र कोरीच म्हणा, हॉप्लिसोमा म्हटलं तर कुणाला कळणार नाही.

नुसत्या रंगावर का जायचं नाही

कोरी माशांची एक गंमत आहे जी मला ह्या सगळ्या विषयात सगळ्यात भारी वाटते. दक्षिण अमेरिकेत एकाच ओढ्यात दोन-तीन वेगवेगळ्या जातींचे कोरी एकत्र फिरतात आणि त्यांची अंगावरची नक्षी जवळपास सारखी असते, जरी ते एकमेकांचे जवळचे नातेवाईक नसले तरी. २०११ मध्ये नेचर ह्या जर्नलमध्ये ह्यावर अभ्यास आला होता. ह्या माशांना पाठीच्या आणि छातीच्या परांत, म्हणजे पोहायच्या पंखांत, टणक काटे असतात, टोचले की आग होते, त्यामुळं खाणारा मोठा मासा एकदा शिकला की त्या नक्षीच्या वाटेला जात नाही, आणि सगळ्यांनी एकच नक्षी ठेवली तर सगळ्यांचाच बचाव होतो. पण एकत्र राहायचं तर खाण्यावरनं भांडण नको, म्हणून एकाचं तोंड लांब, दुसऱ्याचं आखूड, खाणं वेगळं. म्हणजे अंगावरचे ठिपके सारखे आणि तोंड वेगळं, जात वेगळी. हे एकदा कळलं की ठिपके बघून लगेच नाव ठोकून द्यायची सवय सुटते.

पहिलं काम, मासा कोरीच आहे का ते बघा

बऱ्याच जणांना हे सांगायची गरज नाही, पण नवीन लोकांसाठी सांगतो. कोरीच्या अंगावर नेहमीचे खवले नसतात, दोन्ही बाजूला हाडांच्या प्लेटांच्या दोन ओळी असतात, वरची एक खालची एक, आणि त्या अंगाच्या मधोमध एकमेकींना भिडतात. ही मधली रेष लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. तोंड खाली वळलेलं, मिशा आखूड. मिशा लांबलचक आणि मासा सारखा टाकीभर पळत असेल तर तो पिक्टस असायची शक्यता, तोही ठिपक्यांचाच असतो पण पुढं बराच मोठा होतो आणि लहान मासे खातो. तोंड काचेला चिकटवून बसत असेल तर तो प्लेको नाहीतर ओटो, कोरी काचेला चिकटत नाही. आणि मधेच एकदम सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेऊन परत खाली आला तर घाबरू नका, कोरी पोटातल्या आतड्यातनं हवा शोषून घेतात, त्यांचं ते नेहमीचं आहे. दर मिनिटाला सगळेच वर पळत असतील तर मात्र पाणी तपासा.

लगेच ओळखायला जाऊ नका

पाकीट आणलं, टाकीत सोडलं, फोटो काढला, असं केलं की हमखास फसगत. बेंगळूरहून रात्रीच्या बसनं पाकिटात हिंदकळत आलेला मासा पांढराफटक पडलेला असतोय, डोक्यावरची नक्षी पुसट, मधला पट्टा करडा, त्यावरनं काहीच ठरवता येत नाही. पांढऱ्या खड्यांवर ठेवला तरी रंग उडतो, काळपट वाळूवर ठेवला तर चांगला उठून दिसतो. निदान आठवडाभर स्थिर होऊ द्या, खायला लागू द्या, मग बघा.

पाकिटाचं एक महत्त्वाचं. कोरी घाबरले की पाकिटातलं पाणी कधी कधी त्यांच्याच अंगातनं सुटलेल्या पदार्थानं खराब होतं, वर फेस दिसतो. तसा फेस दिसला तर पाकीट टाकीत तरंगत ठेवून अर्धा तास वाट बघत बसू नका, मासे काढून लगेच स्वच्छ पाण्यात घ्या आणि पाकिटातलं पाणी टाकीत ओतू नका. चांगले मासे अशा वेळी हकनाक जातात.

साइझ पण बघा. दुकानात येणारी पिल्लं बहुतेक दोन-अडीच सेंटिमीटरची असतात, त्या वयात नक्षी पूर्ण झालेली नसते, डोक्यावर नुसते डाग दिसतात आणि मग प्रत्येक ट्रायलिनिएटस ज्युली वाटायला लागतो. लोक फसतात ते सगळ्यात जास्त इथंच. लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या पुढं जाऊ द्या. लांबी मोजायची ती तोंडाच्या टोकापासनं शेपटीच्या मुळापर्यंत, शेपटीचा पर धरायचा नाही.

फोटो कसा काढायचा

ह्यावर जरा वेळ घालवतो, कारण ओळख चुकते ती बरेचदा माशामुळं नाही, फोटोमुळं. टाकीत मासा तळाला असतो, आपण वरनं तिरका फोटो घेतो, काचेवर आपलंच प्रतिबिंब, मासा अर्धा वाळूत तोंड घालून बसलेला, आणि मग विचारतो हा कुठला.

गल्लीतल्या काचवाल्याकडनं एक चिंचोळी पेटी करून घ्या, सहा इंच लांब, चार इंच उंच आणि रुंदी दीड इंच पुरे, सिलिकॉननं चिकटवून देतो, फार पैसे लागत नाहीत. रुंदी कमी ठेवायची कारण मासा आत वळून आडवातिडवा न होता बाजूनं सरळ दिसायला पाहिजे. सिलिकॉनचा वास पूर्ण गेल्याशिवाय, म्हणजे दोन-तीन दिवस वाळवून, मग पाणी भरून दोनदा ओतून टाकल्याशिवाय मासा घालू नका. मागच्या काचेला बाहेरनं शाळेच्या आलेख वहीचा कागद चिकटवा, एक सेंटिमीटरचे चौकोन असतात, फोटोतच माप येतं. कागद फार पांढरा चमकत असेल तर अर्ध्या भागाला करडा कार्डपेपर लावा.

मासा पकडताना जाळी वापरू नका. मगाशी सांगितलेले काटे ताठ करून मासा जाळीत असा अडकतो की सोडवताना त्याचा परही फाटतो आणि आपलं बोटही. प्लास्टिकची पारदर्शक बरणी पाण्यात आडवी धरा, हातानं हळूच तिकडं हाकला, आपसूक आत जातो. चुकून काटा बोटाला लागलाच तर धुवून सोसेल इतक्या गरम पाण्यात बोट धरून ठेवा, थोडा वेळ ठणकतं. सूज वाढत गेली तर डॉक्टरकडं जावा.

पेटीत टाकीतलंच पाणी. उजेड वरनं किंचित पुढनं, पांढरा एलईडी बल्ब नाहीतर दिवसाचा उजेड, फ्लॅश बंद. फ्लॅश मारला की प्लेटा चमकतात आणि हिरवट सोनेरी झाक येते, नक्षी गायब होते. मोबाईल माशाच्या उंचीला आणा, काचेला समांतर धरा, अगदी जवळ जायच्याऐवजी थोडं मागं जाऊन दोन पट झूम करा, आणि एकेक फोटो न काढता बटण दाबून धरून सलग काढा, त्यातला एखादा तरी साफ येतो. तीन कोन पाहिजेतच: डावी किंवा उजवी पूर्ण बाजू, फक्त डोकं जवळनं, आणि वरनं एक. पाच मिनिटांत उरकून मासा परत टाकीत सोडा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, एवढंसं पाणी लगेच तापतं.

आता डोकं वाचा

फोटो मोठा करा. डोळ्याच्या मागचा भाग आणि डोळ्यापासनं तोंडापर्यंतचा भाग, एवढंच बघा, बाकी अंग झाकून टाका म्हटलं तरी चालेल.

घरात दारापुढं ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी ठिपके मांडतात आणि मग ते रेघांनी जोडतात, बरोबर? ज्युलीचं डोकं म्हणजे फक्त ठिपके मांडलेत, अजून जोडलेले नाहीत. प्रत्येक ठिपका सुटा, बारीक, गोल, शेजारच्याला न चिकटलेला. ट्रायलिनिएटसचं डोकं म्हणजे जोडायला सुरुवात झालेली, रेघा वळतात, एकमेकींना मिळतात, मधे मधे फिकी घरं सोडतात, जाळी तयार होते. चांगला वाढलेला ट्रायलिनिएटस असेल तर डोळ्यामागं गालाच्या प्लेटवर ह्या काळ्या नागमोडी रेघा एकदम ठळक दिसतात आणि मग शंकाच राहत नाही.

पण सगळेच इतके सरळ नसतात. ट्रायलिनिएटसमध्ये डोक्याची नक्षी माशागणिक बदलते, एकाच टाकीत एकाच्या डोक्यावर पूर्ण जाळी, दुसऱ्याच्या निम्मी जाळी निम्मे ठिपके, तिसऱ्याच्या बहुतेक ठिपकेच असं सापडतं. म्हणून कधीही एकाच माशावरनं ठरवू नका. पाच-सहा मासे बघा. घोळक्यातल्या दोघा-तिघांच्या डोक्यावर जरी रेघा जोडलेल्या दिसल्या आणि सगळे एकाच पाकिटातनं आलेले असले, तर तो सगळा घोळका ट्रायलिनिएटसचा असंच धरायला पाहिजे. खऱ्या ज्युलींच्या घोळक्यात सगळ्यांच्याच डोक्यावर ठिपके सुटे असतात.

मग अंगावरचा पट्टा

मघाशी ती मधली रेष सांगितली ना, वरच्या आणि खालच्या प्लेटा जिथं भिडतात ती. दोन्ही जातींत तिच्यावरनं एक काळा पट्टा शेपटीपर्यंत जातो. ट्रायलिनिएटसमध्ये हा पट्टा जाड, करवतीसारखा नागमोडी कडा असलेला, त्याच्या वर आणि खाली एक फिकी मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेच्या पलीकडं वर एक खाली एक अशा अजून दोन काळ्या ओळी, डाग जोडून झालेल्या. एकूण तीन ओळी, शेपटीकडच्या अर्ध्या भागात सगळ्यात स्पष्ट. ज्युलीमध्ये मधला पट्टा असतो पण वरखालचे डाग बारीक आणि सुटेच राहतात, ओळी धरतात पण सलग रेघ होत नाही.

पट्टा पुढं कुठपर्यंत येतो, पाठीच्या परापाशी थांबतो का त्याच्याही पुढं जातो, ह्यावरनं ओळखायचं असं बरेच जण सांगतात. माझं मत विचाराल तर ह्याला फार वजन देऊ नका, मासा घाबरला की पट्ट्याचं पुढचं टोक आधी पुसट होतं आणि मग लांब-आखूड काही कळत नाही. डोक्याला पहिला मान, पट्ट्याला दुसरा.

पाठीच्या परावरचा काळा ठिपका दोघांनाही असतो, परात वरच्या बाजूला. तो ह्या दोघांत फरक करायला कामाचा नाही, पण बाकीच्यांना बाजूला काढायला फार कामाचा. शेपटीवरच्या ठिपक्यांच्या उभ्या ओळी पण दोघांनाही असतात, तिकडं बघूच नका.

तोंड, आणि सारखे दिसणारे बाकीचे

बाजूनं फोटो बघा आणि डोळ्यापासनं तोंडाच्या टोकापर्यंतचं अंतर किती ते बघा. ज्युली आणि ट्रायलिनिएटस दोघांचंही तोंड आखूड आणि गोलाकार. तोंड लांब आणि पुढं उतरतं असेल, ठिपके आणि परावरचा काळा डाग सगळं तसंच असेल, तर तो लेपर्डस असू शकतो, ज्याचं वर्णन १९३३ चं आहे. इथं अजून एक भानगड, दुकानात 'लेपर्ड कोरी' म्हणून जो विकतात तोही बहुतेक वेळा ट्रायलिनिएटसच असतो, त्यामुळं लेपर्ड ह्या नावावरनं काहीच सिद्ध होत नाही, तोंड बघा.

काळा डाग परात वर नसून पराच्या मुळाशी आणि तिथनं खांद्यावर उतरलेला असेल, डोळ्यावरनंही काळी झाक असेल, तर अँबिआकसच्या बाजूनं विचार करा, त्याचंही वर्णन कोपनंच १८७२ मध्ये केलंय. पंक्टॅटस सुरीनामचा, अंगभर ठिपके पण तीन ओळी अशा नाहीत.

डोक्यावर काळ्यावर पांढरे ठिपके आणि छातीच्या पराचे काटे केशरी, तर स्टर्बाय. त्याच्या उलट, फिक्या डोक्यावर काळे ठिपके आणि काटे तसेच केशरी, तर हॅराल्डशुल्ट्झाय. ह्या दोघांचा घोळ पण दुकानात होतो, पण एकदा बघितलं की लक्षात राहतं, स्टर्बायच्या डोक्यावर जमीन काळी आणि ठिपके उजळ.

बाकी ओळखायला सोपे. पांडाला डोळ्यावर, पाठीच्या परावर आणि शेपटीच्या मुळाशी असे तीन काळे डाग, बाकी अंग फिकट. ब्राँझ म्हणजे एनिअस, ठिपके नाहीत, बाजूला हिरवट तांबूस झाक, आणि दुकानातले पांढरे लाल डोळ्यांचे अल्बिनो जास्त करून त्याचेच. पेप्पर्ड म्हणजे पॅलिएटस, मोठे वेडेवाकडे करडे काळे डाग, ह्या माशाचे नमुने डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले होते आणि १८४२ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. तो दक्षिणेकडच्या थंड भागातला, त्यामुळं आपल्या बेळगावच्या थंडीत हीटर नसला तरी बऱ्यापैकी निभावून नेतो, ट्रायलिनिएटसला मात्र २२ ते २६ डिग्री पाहिजे, डिसेंबर-जानेवारीत हीटर लावाच. आणि अगदी अडीच सेंटिमीटरवर थांबणारे पिग्मी कोरी वेगळे, त्यातला पिग्मियस अंगभर सलग सरळ पट्ट्याचा आणि हॅस्टॅटस शेपटीच्या मुळाशी काळा डाग असलेला, दोघंही तळ सोडून मधल्या पाण्यात पोहतात.

ठरवून लिहून ठेवा

इथपर्यंत आलात की तीन पैकी एक होईल. एक, डोक्यावर जाळी, अंगावर तीन ओळी, आखूड तोंड, परावर वर काळा ठिपका: ट्रायलिनिएटस, खात्रीनं लिहा. दोन, बरेच मासे बघूनही प्रत्येकाच्या डोक्यावर ठिपके सुटे, वाढ पूर्ण झालेली, आणि विकणाऱ्याकडं ब्राझीलमधनं पकडून आणल्याची माहिती: ज्युली म्हणायला हरकत नाही. तीन, मासा एकटाच आहे, डोक्यावर निम्मं निम्मं, कुठनं आला पत्ता नाही. अशा वेळी शास्त्रज्ञ नावाच्या मधे 'सीएफ' लिहितात, म्हणजे ह्या जातीशी जुळतोय पण पक्कं नाही, तुम्हीही वहीत 'कोरी सीएफ ट्रायलिनिएटस' असं नोंदवून ठेवा आणि मासा वाढू द्या. जबरदस्तीनं नाव द्यायची घाई कशाला.

कुणा जाणकाराला दाखवायचं असेल तर नुसता फोटो पाठवून "हे कुठलं सांगा की" म्हणू नका. लांबी किती, कधी घेतला, कुठल्या नावानं विकला, घोळक्यात किती होते, आणि तिन्ही कोनातले फोटो, एवढं एकदम द्या. खरेदीची तारीख आणि माल कुठल्या बाजारातनं आला हे दुकानदाराला गोडीनं विचारलं तर तो सांगतो, लपवायचं त्यात काही नसतं.

एवढा खटाटोप कशासाठी

घोळका राखायचा तर सगळे एका जातीचे पाहिजेत, कोरीला सहाच्या खाली ठेवू नये, आणि आज दोन इथनं उद्या चार तिथनं आणून एकाच टाकीत घालताना जात तीच आहे का हे कळायला पाहिजे. 'ओरिजिनल ज्युली' म्हणून चार पट पैसे मागणारेही भेटतात, तिथं पैसे मोजायच्या आधी डोकं बघता आलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिल्लं. मिरगाच्या पावसात हवा गार झाली आणि तुम्ही टाकीतलं निम्मं पाणी बदलून थोडं थंड पाणी घातलं की ट्रायलिनिएटस अंडी द्यायला लागतात, मादी पोटाखालच्या परांत दोन-चार अंडी धरून फिरते आणि काचेवर चिकटवते. जवळच्या जाती एका टाकीत कोंबल्या तर संकर व्हायची शक्यता असते, आणि ती पिल्लं पुढं कुठलंतरी नाव लावून बाजारात गेली की ती ओळखणं पुढच्या माणसाला अशक्यच.

पाण्याचं सांगायचं तर खानापूरकडं विहिरीचं पाणी मऊ मिळतं, चिकोडी-अथणीकडं बोअरचं जड असतं. फार्मवरचा ट्रायलिनिएटस दोन्हीकडं जुळवून घेतो, नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारायचं औषध घाला, म्हणजे झालं. नदीतनं पकडलेला खरा ज्युली मिळालाच तर मात्र मऊ पाणीच द्या. खाली धारदार खडे नकोत, मिशा झिजतात आणि मिशा गेलेल्या माशाला खाणं शोधता येत नाही, बारीक वाळू चाळून दहा पाण्यानं धुवून घाला. आणि 'खालचा कचरा खातो' म्हणून आणलेल्या कोरीला उपाशी ठेवू नका, त्याला तळाला बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या द्यायला लागतात, रात्री लाइट बंद केल्यावर टाका.

मासे जास्त झाले, नको झाले, तर किल्ला तलावात, मार्कंडेयात, मलप्रभेत अजिबात सोडू नका. दक्षिण अमेरिकेतलाच सकर मासा लोकांनी असाच सोडून सोडून देशातल्या कितीतरी तळ्यानद्यांत पसरलाय, तिथले आपले मासे कमी होतात आणि मच्छीमारांची जाळी फाटतात. दुकानदार परत घेतात, मित्र घेतात. पिल्लं देताना पाकिटावर मार्करनं स्पष्ट लिहा: ट्रायलिनिएटस, घरी वाढवलेले, अंडी कुठल्या महिन्यात, आईबापाचा डोक्याचा फोटो मोबाईलवर पाठवलाय. दुकानदार म्हणेल, "ज्युली लिहा की, पटकन खपतंय." त्याला फोटो दाखवा, डोक्यावरच्या रेघा दाखवा, आणि ट्रायलिनिएटसच लिहायला लावा.